जिवतीच्या वर्गात कोणाचा इतिहास शिकवायचा?

चंद्रपूर जिल्ह्यातला जिवती तालुका माणिकगडच्या पहाडावर वसलेला आहे. तिथल्या एखाद्या जिल्हा परिषद शाळेत सातवीच्या वर्गात डोकावलं, तर बाकांवर कोण कोण दिसतं? गोंड आणि कोलाम मुलं, ज्यांची घरं या पहाडावर कित्येक पिढ्यांपासून आहेत. तांड्यावरची बंजारा मुलं, घरी गोरमाटी बोलणारी. दुष्काळाच्या माऱ्याने मराठवाड्यातून इकडे चढून आलेल्या कुटुंबांची नातवंडं. त्यांत बौद्ध आहेत, मातंग आहेत, मराठा आहेत. एखाद-दुसरं मुसलमान घर. याच तालुक्यातल्या चौदा सीमावर्ती गावांवर महाराष्ट्र आणि तेलंगणा, दोन्ही राज्यं हक्क सांगतात. तिथे मराठी शाळाही भरते आणि तेलुगू शाळाही. सीमेच्या पलीकडच्या जिल्ह्याला कोमराम भीमचं नाव दिलेलं आहे. निजामाच्या राजवटीविरुद्ध ‘जल, जंगल, जमीन’ म्हणत उभा राहिलेला आणि १९४० मध्ये जोडेघाटला मारला गेलेला हा गोंड पुढारी. मराठी शाळेत बसलेल्या गोंड मुलाला तो आजीच्या तोंडून आधी भेटतो. पुस्तकातून भेटला तर भेटला.

अशा वर्गात फळ्यावर ‘मराठी सत्तेचा विस्तार’ असं लिहिलं जातं, तेव्हा त्या बाकांवर काय काय घडतं आणि शिक्षकाने ते कसं हाताळावं, ते उलगडून सांगण्यासाठी हा लेख आहे. आणि जिवती काही जगावेगळी नाही. मेळघाटातल्या शाळेत कोरकू, गोंड आणि गवळी मुलं एका रांगेत डबा खातात. गोंदिया-भंडाऱ्यात पोवारी आणि झाडीबोली शेजारी शेजारी बसतात, आणि गोठणगाव-प्रतापगडकडे तिबेटी निर्वासितांची वसाहतही आहे. मुलचेरा-चामोर्शीत बंगाली घरं, सिरोंच्यात तेलुगू. अकोला-बुलढाण्याच्या खेड्यांत मराठी शाळेत येणारी मुसलमान मुलं आणि बेड्यावरून, म्हणजे पारध्यांच्या वस्तीवरून, येणारी पारधी मुलं. विदर्भातलं खेडं एकजिनसी असतं, असं मानणाऱ्याने गावशाळेचं हजेरीपत्रक एकदा वाचावं.

हा विषय अवघड का आहे

भागाकार सगळ्यांचा सारखाच येतो. इतिहासाच्या धड्यात मात्र मूल स्वतःला शोधतं. ‘आपण’ म्हणजे कोण, ‘शत्रू’ म्हणजे कोण, जिंकलं कोण, हे वाचताना ते मनातल्या मनात एका बाजूला जाऊन उभं राहतं. काही मुलांना धड्यात बाजूच सापडत नाही. काहींना सापडते ती नेमकी हरलेली किंवा वाईट ठरवलेली. मग ती मुलं मान खाली घालून तास संपायची वाट बघतात. शिक्षकाला वाटतं, वर्ग शांत आहे.

इथे तीन गोष्टी वेगळ्या करून पाहाव्या लागतात: गेलेला काळ, त्याची आठवण आणि त्याचा इतिहास. काळ गेला तो गेला, तो पुरता कोणालाच परत बघता येत नाही. आठवण माणसं जपतात, गाण्यात, जत्रेत, कुळकथेत. ती कधी अगदी खरी असते, कधी पिढ्यानुपिढ्या वाढवलेली, पण जपणाऱ्याला ती जिवापाड प्रिय असते. आणि इतिहास म्हणजे मागे उरलेल्या खुणांना प्रश्न विचारून, पुरावा पारखून काढलेलं उत्तर. नवा पुरावा हाती आला, तर ते बदलायची तयारी त्यात धरलेली असते.

मूल वर्गात येतं ते आठवण घेऊन. पुस्तक देतं ते इतिहासातून निवडलेलं, कारण एवढ्याशा पानांत एवढा काळ बसवायचा म्हणजे निवड करावीच लागते. शिक्षकाने या दोन्हींचा मान राखायचा, पण दोन्ही एकच आहेत असं म्हणायचं नाही.

दोन सोपे उपाय आणि ते का पुरत नाहीत

शिक्षण परिषदेत हा विषय निघाला की पहिला सल्ला ठरलेला असतो: पुस्तकात आहे तेवढं शिकवा, वाद नको. असं करणाऱ्या शिक्षकांना मी भित्रं म्हणणार नाही. गावात त्यांना राहायचं असतं, बदली त्यांच्या हातात नसते. पण पुस्तकापुरतं शिकवल्याने वाद संपत नाही. तो वर्गातून उठून मोबाइलवर जातो, आणि तिथे पुरावा विचारणारं कोणी नसतं.

दुसरा उपाय जास्त प्रेमळ आहे, म्हणून त्याच्याबद्दल जपून बोलायला हवं. प्रत्येक समाजाचा एक महापुरुष घ्यायचा, जयंतीला परिपाठात प्रतिमेला हार घालायचा, दोन भाषणं बसवायची. बाबुराव शेडमाके गोंडांचे, सेवालाल महाराज बंजाऱ्यांचे, बाबासाहेब बौद्धांचे. जयंत्या व्हाव्यात. आपल्या माणसाचा फोटो शाळेच्या भिंतीवर ज्या पोराने कधी पाहिलाच नाही, त्याला तो पहिल्यांदा दिसतो ही साधी गोष्ट नाही. पण नुसत्या जयंत्यांतून मुलं महापुरुष वाटून घेतात, ‘तुमचे’ आणि ‘आमचे’ करून. संविधानाच्या मसुदा समितीच्या अध्यक्षाने केलेलं काम तांड्यावरच्या मुलीच्या आणि कुणब्याच्या मुलीच्याही आयुष्यात रोज चालू आहे, हे हार घालून कळत नाही.

माझं मत असं की मिश्र वर्गाला एकत्र बांधतं ते पुरावा तपासण्याचं काम. समोर एक खूण, एक कागद किंवा एक गाणं ठेवायचं, आणि सगळ्यांनी मिळून त्याला प्रश्न विचारायचे: हे कोणी केलं, कधी केलं, कोणासाठी, आणि यात कोण दिसत नाही? या कामात कोणाची जात पुढे-मागे राहत नाही. कधी कोलाम पोरगी जास्त जाणते, कधी पाटलाचा मुलगा. राज्य मंडळाच्या पुस्तकांतही ‘इतिहासाची साधने’ हा धडा असतो, आणि दहावीचं पुस्तक तर इतिहासलेखनापासूनच सुरू होतं. अडचण इतकीच, की तो धडा सनावळीसारखा पाठ करून घेतला जातो आणि पुढच्या धड्यांत त्याचा वापर होत नाही.

‘म्हणजे आमचाच राजा हारला काय, मॅडम?’

सातवीत नागपूरकर भोसले येतात. चंद्रपूर-गडचिरोलीच्या वर्गात हा प्रश्न कधी ना कधी येतोच. १७५१ मध्ये रघुजी भोसल्यांनी चांद्याचं, म्हणजे आजच्या चंद्रपूरचं, राज्य घेतलं आणि शेवटचा गोंड राजा नीळकंठशहा बल्लारपूरच्या किल्ल्यात कैदेत गेला. तेव्हा प्रश्नाचं उत्तर ‘हो’ असंच आहे. ‘सगळे राजे आपलेच’ असं म्हणून ते गुळगुळीत करू नये, मुलाला ते पटत नाही. एकाच घटनेला पुस्तकात विस्तार म्हटलं आहे आणि चांद्याच्या बाजूने बघितलं तर ते राज्य बुडणं आहे. दोन्ही एकाच वेळी खरं आहे, हे बारा वर्षांच्या मुलाला नीट समजतं. मोठ्यांनाच ते जड जातं.

पण तिथे थांबलं तर मुलं दोन गटांत बसतील. म्हणून लगेच देवगडच्या (कोकणातलं नव्हे, छिंदवाड्याकडचं) गोंड राज्याकडे वळावं. नागपूर शहर १७०२ च्या सुमारास वसवलं ते देवगडच्या बख्त बुलंदशहाने. तो गोंड राजा. औरंगजेबाच्या दरबारी जाऊन त्याने इस्लाम स्वीकारला होता, तरी घराण्याच्या सोयरिकी गोंडांतच होत राहिल्या, आणि शहर व शेती वाढावी म्हणून त्याने बाहेरून शेतकरी आणि कारागीर आणून वसवले. आता हा माणूस कोणाच्या रकान्यात टाकायचा? पुढे त्याच्या वारसांत गादीचं भांडण लागलं, तेव्हा मदतीला रघुजीला बोलावलं ते राणी रतनकुंवरने. मदतीला आलेला पाहुणा काही वर्षांत धनी झाला. ही हकीकत सांगून झाली की ‘गोंड विरुद्ध मराठा’ ही सरळ रेघ वर्गात टिकत नाही. सत्ता कशी हातची जाते, हा प्रश्न मुलांसमोर उरतो, आणि तो सगळ्यांचाच असतो.

जवळच्या शाळांनी चंद्रपूरचा परकोट, जटपुरा गेट आणि राणी हिराईने नवऱ्यासाठी बांधलेली बीरशहाची समाधी पाहायला सहल न्यावी. दगड समोर असला की वाद हवेत राहत नाही.

एक फाशी, तीन साक्षी

बाबुराव शेडमाके हा असा विषय आहे की ज्यावर गडचिरोली-चंद्रपूरच्या प्रत्येक शाळेने निदान दोन तास द्यावेत. मोलमपल्लीच्या या तरुण जमीनदाराने १८५८ मध्ये कंपनी सरकारविरुद्ध शस्त्र उचललं. आडपल्ली-घोटचा जमीनदार व्यंकटराव त्याच्या सोबत होता. २९ एप्रिल १८५८ ला चिंचगुंडीजवळ तारखात्याच्या (टेलिग्राफच्या) तळावर हल्ला झाला, त्यात गार्टलँड आणि हॉल हे दोन इंग्रज मारले गेले. पुढे बाबुराव पकडला गेला आणि २१ ऑक्टोबर १८५८ ला चांद्याच्या तुरुंगात त्याला फाशी झाली. तेव्हा त्याचं वय पंचवीस.

बहुतेक शाळांत गोष्ट इथे संपते आणि घोषणा सुरू होते. खरा इतिहास मात्र इथून पुढे आहे, कारण त्याला पकडून देण्यात अहेरीच्या जमीनदारीण लक्ष्मीबाईंचा हात होता. त्या नात्यातल्या, समाजातल्याच. चांद्याचा डेप्युटी कमिशनर कॅप्टन क्रिक्टन याने त्यांच्यावर दाब आणला होता आणि नंतर आडपल्ली-घोटची जमीनदारी त्यांना बक्षीस मिळाली.

वर्गाचे तीन गट करावेत. एकाने क्रिक्टनच्या जागी उभं राहून वरिष्ठांना अहवाल लिहायचा. दुसऱ्याने बाबुरावसोबत लढलेल्या माणसाच्या तोंडून बोलायचं. तिसऱ्याने लक्ष्मीबाईंच्या बाजूने विचार करायचा: नाही म्हटलं असतं तर काय गेलं असतं, हो म्हटल्याने काय मिळालं? गट करताना एक पथ्य पाळावं. गोंड मुलांना बाबुरावच्या गटात आणि इतरांना इंग्रजांच्या गटात टाकू नये. उलटंपालटं करावं. जो स्वतः क्रिक्टनचा अहवाल लिहितो, त्याला त्या अहवालात काय लपवलं जातं ते हाताला कळतं.

मग शेवटी विचारायचं: आपल्याकडे कोणाचा आवाज कागदावर आहे आणि कोणाचा फक्त गाण्यात? इंग्रजांनी नोंदी ठेवल्या, त्या दप्तरात राहिल्या. लढणाऱ्यांनी गाणी ठेवली. गाणं पुरावा होतो का? होतो, पण त्यालाही तेच प्रश्न विचारावे लागतात जे अहवालाला विचारले. तारखेसाठी गाणं कच्चं असेल. लोकांना काय खुपलं, कोण आपला वाटला, यासाठी तोच पक्का पुरावा आहे.

हा धडा शिकवताना शिक्षकाला भीती वाटते ती लक्ष्मीबाईंची. समाजाला वाईट वाटेल म्हणून हे वगळलं जातं. मला वाटतं, वगळणं हाच त्या समाजाचा अपमान आहे. आपल्यातही मतभेद, भीती, लोभ आणि शौर्य एकत्र होतं, हे पेलण्याची ताकद इतरांच्या मुलांत आहे आणि गोंडांच्या मुलांत नाही, असं आपण कशावरून ठरवतो?

आगगाडी नागपूरला आली, तेव्हा

मिश्र वर्गासाठी मला सगळ्यांत आवडणारा धडा आगगाडीचा आहे. लढाई नाही, राजा नाही, तरी सगळ्या घरांचे आजे-पणजे त्यात सापडतात.

१८५३ मध्ये निजामाने वऱ्हाड इंग्रजांच्या ताब्यात दिला आणि पुढच्याच वर्षी वारस नाही म्हणून नागपूरचं राज्य डलहौसीने खालसा केलं. १८६१ ते १८६५ अमेरिकेत यादवी युद्ध झालं, तिथला कापूस मँचेस्टरला पोचेना, म्हणून वऱ्हाडच्या कापसाला सोन्याचा भाव आला. तो मुंबईच्या बंदरात न्यायला लोहमार्ग हवा होता. अकोला, बडनेरा करत ग्रेट इंडियन पेनिन्सुला रेल्वे १८६७ मध्ये नागपूरला पोचली. १८७७ मध्ये जमशेटजी टाटांची एम्प्रेस मिल तिथे सुरू झाली. पुस्तकात हे ‘दळणवळणाची प्रगती’ या नावाखाली येतं. चूक नाही. फक्त ती प्रगती कोणाच्या दारात काय घेऊन आली, हा प्रश्न वर्गात सोडावा.

कापूस पिकवणाऱ्या कास्तकाराच्या हातात रोख पैसा आला. त्याबरोबर रोख कर्ज आणि लांबच्या बाजाराच्या भावाची टांगणीही आली. आज घरात भावाचा फोन बघून बोंडं कधी विकायची याची चर्चा ऐकणाऱ्या मुलाला हे समजावून सांगावं लागत नाही. ज्वारीच्या जागी कपाशी वाढत गेली, आणि १८९६-९७ व १८९९-१९०० च्या दुष्काळांत धान्याची किंमत कळली. खामगाव, अमरावतीच्या बाजारपेठा फुगल्या, व्यापारी आणि अडते आले.

आता तांड्याकडे वळू. बंजारा समाज शेकडो वर्षं बैलांच्या पाठीवर धान्य आणि मीठ लादून देशभर फिरत होता. त्यालाच ते लदेणी म्हणत. मोगलांच्या फौजा त्यांच्या धान्यावर चालत. रेल्वे आली आणि लदेणी मोडली. तांडे जागच्या जागी थांबले, मोलमजुरीला लागले, शेतीकडे वळले. पुसद तालुक्यात गहुलीच्या बंजारा घरातला मुलगा, वसंतराव नाईक, १९६३ ते १९७५ राज्याचा मुख्यमंत्री होता, हे या गोष्टीचं पुढचं पान आहे. दोन्ही पानं सांगावीत.

विणकर कोष्ट्याच्या घरात काय झालं? कच्चा कापूस बाहेर जाऊ लागला, गिरणीचं स्वस्त कापड आत येऊ लागलं, माग गप्प होत गेले. आणि जंगलात? रुळांखाली लागणारे लाकडी स्लीपर कुठल्या तरी जंगलातूनच यायचे होते. १८६५ आणि १८७८ च्या वनकायद्यांनी जंगल सरकारी झालं, आणि काल ज्याचं होतं त्याला सरपण आणि मोह वेचायला परवानगी मागावी लागली. पुढे १९३० मध्ये पुसदला लोकनायक बापूजी अणे यांनी जंगल सत्याग्रह केला, तो या असंतोषाच्या पायावर उभा राहिला.

एकाच गाडीची पाच घरांत पाच वेगळी गोष्ट. फळ्यावर मधोमध ‘१८६७’ लिहून भोवती मुलांनाच ही घरं मांडायला लावा. कोणाला हरवायचं नसल्यामुळे मुलं इथे मोकळी बोलतात, आणि परिणाम सगळ्यांवर सारखा होत नाही हा मोठा विचार कोणतीही व्याख्या न देता आत जातो. राजे-लढायांकडे यायच्या आधी वर्षाच्या सुरुवातीला असा एक धडा झाला, तर पुढचे नाजूक धडे सोपे जातात.

जिथे दुखतं ते कसं शिकवायचं

अस्पृश्यतेचा धडा. बौद्ध मुलगा वर्गात बसलेला असतो आणि पुस्तकात पाणवठा, देऊळ, सावली हे सगळं येतं. सगळ्यांच्या नजरा हळूच त्याच्याकडे जातात. हे टाळायचं तर धडा सहन करणाऱ्यांपाशी सुरू करू नये. अन्याय करणारी व्यवस्था आणि तिच्याविरुद्ध उठलेली माणसं, दोन्ही एकाच तासात आली पाहिजेत. आणि माणसं आपल्या मुलखातली असावीत. नोव्हेंबर १९२७ मध्ये अमरावतीला बाबासाहेबांच्या अध्यक्षतेखाली परिषद भरली, अंबादेवी मंदिर प्रवेशाचा लढा याच काळातला, त्यात पंजाबराव देशमुखही पाठीशी उभे राहिले. जुलै १९४२ मध्ये नागपूरला दलित स्त्रियांची अखिल भारतीय परिषद झाली, तिच्या अध्यक्ष होत्या अमरावतीच्या सुलोचनाबाई डोंगरे. नंतर १४ ऑक्टोबर १९५६, दीक्षाभूमी. हे सगळं सांगितलं की तो मुलगा मान वर करून ऐकतो, आणि बाकीच्यांना कीव करायला जागा उरत नाही.

एक गोष्ट मात्र कोणीच करू नये: ‘सांग बरं, तुमच्यात कसं असतं?’ असं भर वर्गात एका मुलाला उभं करून विचारणं. हेतू चांगला असतो. पण दहा वर्षांचं पोर एका समाजाचं प्रवक्ता होऊ शकत नाही, आणि व्हायलाही नको. सगळ्या वर्गाला एकच प्रश्न घरी विचारायला द्या, ज्याला सांगायचं तो सांगेल.

पारधी मुलांच्या बाबतीत शिक्षकाच्या हाती एक भक्कम कागद आहे, तो म्हणजे कायदा. इंग्रजांनी १८७१ मध्ये गुन्हेगार जमाती कायदा केला. आधी तो उत्तर हिंदुस्थानापुरता होता, १९११ च्या कायद्याने देशभर लागू झाला. आख्ख्या जमातीच्या जमातीला जन्मतःच गुन्हेगार ठरवून हजेरी लावायला भाग पाडलं गेलं. ३१ ऑगस्ट १९५२ ला या जमाती त्यातून मुक्त झाल्या, म्हणजे देश स्वतंत्र झाल्यावरही पाच वर्षांनी. गावात मोटरपंप चोरीला गेला की पोलीस आधी बेड्यावर का जातात, याचं उत्तर वर्गाला या सनांमधून मिळतं. हा धडा त्या मुलांसाठी जितका आहे, त्याहून जास्त त्यांच्या शेजारी बसायला कचरणाऱ्यांसाठी आहे.

शिवकाळ शिकवताना मुसलमान मुलाची चुळबुळ ज्यांनी पाहिली आहे, त्यांना हे सांगायला नको. महाराजांचा पराक्रम कमी करून सांगायची मुळीच गरज नाही. त्या काळातल्या निष्ठा धर्माच्या रेषेवर आखलेल्या नव्हत्या, एवढं पुराव्यानिशी दाखवावं. अफजलखानाचा वकील कृष्णाजी भास्कर होता. आपल्या बुलढाण्यातल्या सिंदखेडराजाचे लखुजी जाधव, जिजाऊंचे वडील, निजामशाहीचे सरदार होते. मधे मोगलांकडे गेले, परत आले, आणि १६२९ मध्ये निजामशाहीच्या दरबारातच मारले गेले. अचलपूरच्या इमादशाहीचा संस्थापक फतहुल्ला मूळचा विजयनगरकडच्या ब्राह्मण घरातला होता, असं फिरिश्ता हा इतिहासकार लिहितो. सिंदखेड आणि अचलपूर एस.टी.च्या अंतरावर असताना दिल्ली-विजापूरची उदाहरणं शोधत बसायला नको.

रावणाचा प्रश्नही येतो. अकोला जिल्ह्यात पातूर तालुक्यातल्या सांगोळ्याला रावणाची मूर्ती पुजली जाते, मेळघाटात होळीला मेघनाथाचा खांब उभा राहतो, आणि अनेक गोंड गावांना दसऱ्याचं रावणदहन मान्य नाही. वर्गात भांडण पेटायच्या आत शिक्षकाने विषय नीट बसवावा: ही श्रद्धा आहे, इतिहासाचा तास ती खरी-खोटी ठरवायला नाही. ‘हे लोक ही पूजा कधीपासून करतात, कशावरून कळतं?’ हा इतिहासाचा प्रश्न आहे. तो दोन्ही बाजूंना सारखाच विचारावा.

मुलचेऱ्याकडच्या शिक्षकांपुढे वेगळाच पेच असतो. पूर्व पाकिस्तानातून घरदार सोडून आलेल्या बंगाली कुटुंबांना सरकारने इथे जमीन दिली. फाळणीचा धडा त्यांच्या मुलांच्या घरातला. आणि जिथे वसाहत झाली ते जंगल शेजारच्या गोंड मुलाच्या आज्याचं चराऊ रान. दोघांचं गमावणं खरं आहे. कोणाचं मोठं, याची स्पर्धा लावू नये.

पुरावा गावातच आहे

संग्रहालय लांब असतं, सहलीला पैसे नसतात. पण भंडारा, गोंदिया, चंद्रपूर, गडचिरोलीच्या कितीतरी गावांत मामा तलाव आहे, म्हणजे माजी मालगुजारी तलाव. यावर एक आख्खं सत्र काढता येतं. तलाव कोणी बांधला? या भागात कोहळी समाजाची तलाव बांधण्यातली ख्याती मोठी, नवेगावबांधच्या तलावाशी कोलू पाटील कोहळीचं नाव जोडलेलं आहे. मालगुजार, म्हणजे गावाचा सारा वसूल करणारा, कोण होता? १९५१ मध्ये मालगुजारी गेली, मग तलाव कोणाचा झाला? माती कोणी वाहिली? मासळी ढिवरांची का? कोणत्या घाटावर कोण पाणी भरत असे आणि कोणाला बंदी होती? मुलं म्हाताऱ्यांना जाऊन विचारतात आणि तीन म्हातारे तीन उत्तरं देतात. इतिहासकाराची अडचण मुलांच्या हातात आपोआप येते. वऱ्हाडात मालगुजारी नव्हती, तिकडे तलावाच्या जागी गढी, जिनिंग किंवा शकुंतला रेल्वेचं एखादं ओसाड स्टेशन घ्यावं.

शाळेचं जुनं दाखल-खारिज रजिस्टर हेही सोन्यासारखं साधन आहे. गावातली पहिली मुलगी कोणत्या साली शाळेत आली? कोणत्या पाड्यावरून पहिलं मूल कधी आलं? शिक्षकाने स्वतः बघून सनवार आकडे काढून द्यावेत, रजिस्टर मुलांच्या हातात देऊ नये, त्यात नावांपुढे जाती लिहिलेल्या असतात. तहसीलमधल्या कोतवाल बुकाची, म्हणजे जन्ममृत्यूच्या जुन्या नोंदवहीची, माहिती आठवी-नववीच्या मुलांना द्यायला हरकत नाही. जातीच्या दाखल्यासाठी त्याची नक्कल काढायला त्यांच्यापैकी काहींचे वडील चकरा मारत असतातच.

घरी विचारायचं काम मुलांनी घरच्या भाषेतच करावं, कोलामी, गोंडी, कोरकू, गोरमाटी, जी असेल ती. वर्गात सांगतानाही पहिली दोन वाक्यं त्या भाषेत येऊ द्यावीत, मग मराठीत. प्राथमिक पातळीवर मातृभाषेतून शिकण्याची सोय व्हावी, असं संविधानाचं कलम ३५०-क सांगतं. प्रत्येक भाषेचा शिक्षक मिळेल तेव्हा मिळेल, तोवर हे तर करता येतं.

पालकांचं काय? नाजूक धडा येण्याआधी शाळा व्यवस्थापन समितीच्या बैठकीत तो कसा शिकवणार आहोत ते सांगून ठेवावं. समितीत सगळ्या मोहल्ल्यांची माणसं असतात. आधी विचारलं की माणूस मदतीला येतो.

राहता राहिली परीक्षा. ‘एवढं केलं आणि पेपरात रिकाम्या जागाच आल्या तर?’ हा शिक्षकांचा खरा प्रश्न आहे. बोर्डाचा पेपर आपल्या हातात नाही, पण घटक चाचणी आहे. वीस गुणांच्या चाचणीत चार गुणांचा एक प्रश्न बदलून बघा. ‘चांद्याचे राज्य कोणी जिंकले?’ याऐवजी दोन छोटे उतारे द्या, एक भोसल्यांच्या बाजूने सांगितलेला, एक चांद्याच्या बाजूने, आणि विचारा: दोन्हींत जुळणारी एक गोष्ट लिहा, न जुळणारी एक लिहा, आणि खरं काय ते ठरवायला आणखी कोणता पुरावा लागेल ते लिहा. पहिल्या दोन भागांना एकेक गुण, तिसऱ्याला दोन. तिसऱ्या भागात ‘किल्ल्यातल्या दगडावर काय लिहिलं आहे ते बघावं लागेल’ असं मोडक्या मराठीत लिहिणाऱ्या मुलाला पूर्ण गुण द्या, शुद्धलेखनाचे कापू नका.